वाचलेलं टिपून ठेवायची वही : तुमची कशी असते?

रानजाई

मंडळी, दिवसभरात फोनवर आपण किती काय काय वाचतो. बातम्या, लांबलचक लेख, कुणाचं प्रवासवर्णन, मध्येच एखाद्या संस्थेचा अहवाल. वाचताना वा वा होतं. चार दिवसांनी कुणाला सांगायला जावं तर गावाचं नाव आठवत नाही, साल आठवत नाही आणि 'कुठेतरी वाचलं होतं बाई' यावर गाडी थांबते. यावर उपाय म्हणून मी बऱ्याच वर्षांपासून एक वही ठेवते. शाळेच्या दुकानात मिळते ती साधी लाँगबुक.

नियम एकच. वाचताना काही टिपायचं नाही. रात्री मागचं आवरून झालं की वही उघडायची आणि दिवसभरातलं न बघता जे आठवेल तेवढंच लिहायचं, आपल्या शब्दांत. मग फोनच्या हिस्टरीत जाऊन नावं, आकडे ताडून घ्यायचे आणि कुठे वाचलं ते खाली लिहायचं. आठवलं नाही ते गेलं, त्याचं सुतक धरायचं नाही. बहुतेक रात्री एखादीच नोंद होते, कधी तीही नाही.

नोंदीच्या शेवटी 'का' असा रकाना असतो. हे का लिहावंसं वाटलं, कुणाला सांगायचं, पुढे काय विचारायचं. नोंदीपेक्षा मला हा रकानाच जास्त उपयोगी पडतो. दोन नोंदी जशाच्या तशा देते.

'गुहागर. ऑलिव्ह रिडले कासवाची मादी, परावर टॅग ०३२३३. टॅग लावला ओडिशात, मार्च २०२१. अंडी घालताना दिसली गुहागरच्या किनाऱ्यावर, जानेवारी २०२५. पूर्व किनाऱ्यावरची कासवं तिकडची आणि पश्चिमेची इकडची असं आजवर धरून चालले होते, ही बाई दोन्हीकडची निघाली. का : हेदवीच्या आत्याला विचारायचं, तिच्या लहानपणी कासवाची अंडी विकायला यायची का.'

'लोणारचं पाणी गुलाबी, जून २०२०. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने नमुने तपासले. खाऱ्या पाण्यात वाढणारे हॅलोआर्किया नावाचे सूक्ष्मजीव. बाष्पीभवन वाढलं, पाणी उतरलं, खारटपणा चढला. का : वर्गात लोणार म्हणजे उल्केचं विवर एवढंच सांगून आपण पुढे जातो.'

तर तुम्ही काय करता? वही, ॲप, की स्वतःलाच व्हॉट्सॲप? आणि मुख्य म्हणजे नंतर शोधता कसं? माझ्या वह्या वाढल्यात आणि हवी ती नोंद सापडेना झालीय.

सातारी_पेढा

वाखु साठवली. (ही बघा माझी पद्धत. साठवलेल्या वाचनखुणा पुन्हा उघडल्याचं मात्र स्मरणात नाही.)

अर्धविराम

लिहिलंय छान, पण मूळ कल्पनेलाच माझा विरोध नोंदवून ठेवतो. आवडलेलं सगळं साठवायची हौस ही आपल्या आयांनी जपलेल्या श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यांसारखी आहे. कधीतरी लागेल! वाचलं, आनंद झाला, विसरलो, यात बिघडलं काय? जे आपल्या कामाचं असतं ते आपोआप मुरतं. उलट 'हे रात्री लिहायचंय' हा विचार एकदा डोक्यात शिरला की माणूस लेख वाचत नाही, नोंद शोधत बसतो. मी अशा वहीपायी वाचनाचा विचका झालेले लोक पाहिलेत.

रानजाई

@अर्धविराम, डब्यांचं मान्य! आमच्याही माळ्यावर आहेत. पण तुम्ही म्हणता तो धोका वाचताना टिपणाऱ्यांना जास्त. म्हणून तर रात्रीची अट घातली. वाचताना हातात पेन नसतं, समोर चौकट नसते. आणि मुरतं म्हणाल तर माझ्या बाबतीत गोष्ट मुरते आणि तपशील उडतो. कासव लक्षात राहतं, ओडिशा राहत नाही. मग सांगताना मी बंगाल म्हणते आणि समोरचा तेच पुढे सांगतो.

बाइट_बुवा

रानजाई, आपल्या शब्दांत लिहिणं वगैरे सगळं खरं, पण मूळ मजकूर जवळ नसेल तर पुढच्या वर्षी ताडणार कशाशी? लिंकवर विसंबू नका. प्यू रिसर्च सेंटरने २०२४मध्ये तपासून सांगितलं की २०१३ साली असलेल्या वेबपानांपैकी ३८ टक्के दहा वर्षांनी उघडत नाहीत. सेवांचंही तेच. ब्लॉग-बातम्या एका जागी वाचायचं गूगल रीडर जुलै २०१३मध्ये बंद, 'नंतर वाचू' म्हणून लोक लेख जिथे ठेवायचे ते पॉकेट जुलै २०२५मध्ये बंद. दुसऱ्याच्या अंगणात तुळस लावू नये.

मी काय करतो ते सांगतो. लेख आवडला की सिंगलफाइल नावाचं ब्राउझरचं एक्स्टेन्शन आहे, ते चित्रांसकट सगळं पान एका फाइलमध्ये उतरवून घेतं. शिवाय तोच पत्ता इंटरनेट आर्काइव्हच्या वेबॅक मशीनला (जुनी वेबपानं जपणारी सेवा) देतो, म्हणजे एक प्रत तिकडेही राहते. (तेही ऑक्टोबर २०२४मधल्या सायबर हल्ल्यानंतर काही दिवस बंद होतं, म्हणून दोन्हीकडे.) टिपण साध्या टेक्स्ट फाइलमध्ये. कुठल्याही ॲपच्या खास स्वरूपात नाही, कारण ॲप मेलं तरी टेक्स्ट उघडते.

मराठीपुरता एक इशारा. शोध घेताना 'ॲप' टाकलं आणि फाइलमध्ये 'अॅप' असेल तर सापडत नाही. दिसायला सारखंच, पण एक ॲ म्हणजे स्वतंत्र अक्षर आहे, जे युनिकोडमध्ये (संगणकावरच्या अक्षरांची सगळीकडे चालणारी यादी) २००८ साली आलं आणि दुसरा म्हणजे अ वर काढलेला चंद्र. कीबोर्ड बदलला की हे बदलतं. त्यात ऱ्हस्व-दीर्घाच्या आपल्या सवयी. म्हणून मी प्रत्येक टिपणाच्या डोक्यावर दोन-तीन खुणेचे शब्द एकाच ठरलेल्या पद्धतीने लिहितो आणि शोध फक्त त्यांतच घेतो.

खळखळाट

बाइटबुवा, युनिकोडच्या आधीचंही सांगा की. त्या काळी मराठी साइटींचा प्रत्येकीचा आपापला फाँट असायचा. तेव्हा कॉपी करून ठेवलेले लेख माझ्याकडे आजही आहेत आणि त्यांत इंग्रजी अक्षरं, डॉलर, टक्के, कंस यांचा नुसता खच आहे. फाँट गेला आणि लेखही गेला.

कागदाचं ऐका आता. आमच्या बाबांची कात्रणवही. ऑफिसातलं वापरलेलं रजिस्टर घ्यायचे आणि रविवारी सकाळी मैद्याची खळ शिजवायचे. खळीत चिमूटभर मोरचूद (निळं, विषारी), म्हणजे झुरळं आणि कसर लागत नाही. आई ते पातेलं वेगळं ठेवायची आणि त्यावर तिने लाल रंगाची फुली मारलेली होती. ती रजिस्टरं अजून धडधाकट आहेत. पण बाबा कात्रण इतकं सुबक कापायचे की पानाच्या वरची तारीख आणि पेपरचं नाव उडायचं. किल्लारीच्या भूकंपाची कात्रणं आहेत म्हणून ती १९९३च्या ऑक्टोबरातली हे कळतं. बाकीच्यांची तारीख आम्ही पाठीमागे छापलेल्या अर्ध्यामुर्ध्या जाहिरातींवरून लावत बसतो. एका कात्रणामागे धोतरांच्या सेलची जाहिरात आहे आणि आमच्या घरात त्या सेलवर मूळ लेखापेक्षा जास्त चर्चा झालीय.

बाड_बिस्तरा

खळखळाट यांनी नेमकं दुखणं सांगितलं. तारीख!

आपल्याकडे ही वही काही आजची नाही. जुन्या घरांतून, मठांतून 'बाडं' असायची. हाताने उतरवून घेतलेल्या कागदांची बांधलेली चवड. त्यात एका पानावर अभंग, पुढे आरती, मध्येच औषधाचा नुस्खा. जे भेटलं, पटलं ते उतरवून घेतलं. धुळ्याच्या समर्थ वाग्देवता मंदिरात अशी पुष्कळ बाडं जपलेली आहेत. पण बहुतेक ठिकाणी उतरवणाऱ्याने कुठून घेतलं, कधी घेतलं हे लिहिलेलं नसतं आणि अभ्यासक पुढे ते शोधण्यात आयुष्य घालवतात.

याच्या उलट जेधे शकावली. जेधे देशमुखांच्या घराण्यातली नोंद, लोकमान्य टिळकांनी उजेडात आणलेली. तिथी आणि घटना, बस्स. एक ओळ, फार तर दोन. शिवाजी महाराजांचा जन्म शके १५५१ फाल्गुन वद्य तृतीयेचा, म्हणजे १९ फेब्रुवारी १६३०चा, हे ठरवण्यात या कोरड्या नोंदीचा वाटा मोठा आहे. तिथे 'का' असा रकाना नाही हो रानजाई. का ते वाचणारा ठरवेल. लिहिणाऱ्याने तिथी द्यावी.

दुसरं उदाहरण पुण्याचंच. डेक्कन कॉलेजातल्या संस्कृत महाकोशाचं काम १९४८ साली डॉ. सु. मं. कत्रे यांच्या पुढाकाराने सुरू झालं. सुमारे दीड हजार ग्रंथांतून वेचून जवळपास एक कोटी चिठ्ठ्या तयार केल्या आणि त्यावरून कोशाचा पहिला भाग निघाला १९७६मध्ये. चिठ्ठीवर शब्द, तो ज्या वाक्यात आला ते वाक्य आणि ग्रंथातलं ठिकाण. तिथे कुणी 'आपल्या शब्दांत' लिहिलं असतं तर कोश झालाच नसता. माझं म्हणणं इतकंच, की एक तरी वाक्य मूळचं, जसंच्या तसं, अवतरणात घ्या. लिहिणाऱ्याची भाषा त्यात राहते.

रानजाई

@बाड_बिस्तरा, वाक्य जसंच्या तसं घ्यायचं हे पटलं, आजपासून सुरू. 'का' मात्र सोडणार नाही. शकावली घराण्यासाठी होती, वही माझ्यासाठी आहे. लोणारची नोंद मला 'का'मुळे सापडते, कारण मला तो तास आठवतो, जून २०२० आठवत नाही.

उत्तरायण

नमस्कार, बऱ्याच दिवसांनी लिहितेय. मी जर्मनीत असते, तेव्हा इथलं एक उदाहरण सांगायलाच हवं. निकलास लूमान नावाचे समाजशास्त्रज्ञ होते, बीलेफेल्ड विद्यापीठात. १९९८ साली गेले. त्यांनी जन्मभर लाकडी खणांमध्ये चिठ्ठ्या साठवल्या, सुमारे ९० हजार. विद्यापीठाने त्या आता ऑनलाइन ठेवल्यात. हस्ताक्षर बघून मला माझ्या डॉक्टरांची आठवण झाली.

त्यांची गंमत चिठ्ठ्यांच्या संख्येत नाही, क्रमांकात आहे. विषयवार कप्पे केले नाहीत. चिठ्ठी २१ असेल आणि तिच्यावरून काही सुचलं तर २१/१, त्यावरून आणखी काही तर २१/१अ. नवा विचार जुन्याच्या पाठीला लावायचा आणि दूरच्या चिठ्ठीशी नातं असेल तर तिचा नंबर कोपऱ्यात टाकायचा. मी वहीत एवढंच उचललंय. प्रत्येक नोंदीला नंबर, आणि लिहून झाल्यावर एकच प्रश्न, ही मागच्या कुठल्या नोंदीची नातलग आहे? रत्नागिरीच्या कातळशिल्पांबद्दल वाचलं (२०२२मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत आली ती), त्याची नोंद केली आणि खाली जुना नंबर टाकला, स्वीडनमधल्या तानुमच्या खडकचित्रांचा. ती नोंद कधीची तरी पडून होती. दोन्हीकडे उघड्या कातळावर कोरलेली चित्रं. तानुमला जहाजं, रत्नागिरीला हत्ती.

जर्मनीतली बरीच मंडळी मात्र लूमानची पद्धत शिकण्यातच इतकी रमतात, की चिठ्ठ्या लिहायला वेळ उरत नाही. ॲप बदलत राहतात.

अर्धविराम

@उत्तरायण, शेवटच्या दोन वाक्यांसाठी +१००.

बाकी कातळशिल्पांना तानुमचा नंबर लागला हे वाचून माझा विरोध किंचित ढिला पडलाय. किंचितच. हे आपोआप मुरलं नसतं, कबूल.

गावगप्पी

सगळे चांगलं चांगलं टिपताय. माझ्या डायरीत मागच्या पानांवरून उलटा एक विभाग चालतो, त्याचं नाव 'थापा'. घरच्या ग्रुपवर आलेलं ठरावीक ज्ञान तिथे जातं आणि समोर खरं काय ते.

उदाहरणार्थ, नासाने दिवाळीच्या रात्री अवकाशातून टिपलेला भारताचा फोटो. रंगीबेरंगी, झगमगता. दर दिवाळीला येतो. खरं काय, तर ते १९९२ ते २००३ या काळातल्या उपग्रहांच्या निरीक्षणांवरून बनवलेलं चित्र आहे. रात्रीचे दिवे कुठे आणि केव्हा वाढले हे दाखवायला वेगवेगळे रंग दिलेत. नासानेही खुलासा केलेला आहे. दिवाळीत इतका जास्तीचा उजेड होतच नाही की तो तिथून उठून दिसावा. दुसरं, आपलं राष्ट्रगीत युनेस्कोने जगात सर्वोत्तम ठरवलं. असं काही युनेस्कोने केलेलं नाही.

फायदा असा की आता काकांशी वाद घालत बसावं लागत नाही. पानाचा फोटो काढून पाठवतो. काका बोलत नाहीत आठवडाभर, पण तोही फायद्यातच धरा.

सातारी_पेढा

=)) =)) काकांचा विभाग भारी.

एक भाबडा प्रश्न. हल्ली एआयला लिंक दिली की तो दहा ओळींत सारांश देतो. मग वही कशाला?

बाइट_बुवा

सारांश देतो, पण कुणाचा? लेखाचा. रानजाईंच्या वहीत लेखाचा सारांश नाहीच आहे, हेदवीच्या आत्या आहेत. आणि सारांशात आकडा चुकला तर तो चुकलाय हे कळायला मूळ लेख वाचावाच लागतो. मग राहिलं काय?

रानजाई

मूळ प्रश्न राहिलाच की मंडळी. सापडायचं कसं? बुवांची पद्धत फाइलींना ठीक, कागदाला काय?

बाड_बिस्तरा

जॉन लॉक. तत्त्वज्ञ तोच, पण त्याने टिपणवहीची अनुक्रमणिका कशी करावी यावर एक लेखही लिहिला, १६८६ साली फ्रेंचमध्ये आणि नंतर १७०६मध्ये इंग्रजीत. वहीच्या सुरुवातीची दोन पानं सोडायची आणि त्यांवर एक तक्ता आखायचा. नोंदीचा मुख्य शब्द ठरवायचा, त्याचं पहिलं अक्षर आणि त्यात येणारा पहिला स्वर घ्यायचा आणि त्या चौकटीत फक्त पानाचा आकडा टाकायचा. विषय आधी ठरवून पानं वाटून ठेवायची गरज नाही. कुठेही लिहा, तक्ता सांभाळतो.

आता बघा, लॉकला जी खटपट करावी लागली ती आपल्या बाराखडीत आयतीच आहे. कासव म्हणजे 'का', लोणार म्हणजे 'लो'. व्यंजन आडव्या ओळीला, स्वर उभ्या रकान्यात. सगळी बाराखडी घेतली तर चौकटी फार होतात, म्हणून अ-आ, इ-ई, उ-ऊ, ए-ऐ, ओ-औ असे पाचच रकाने करा. लॉकचेही पाचच होते. ऱ्हस्व-दीर्घाचा घोळही यात आपोआप मिटतो.

रानजाई

अहो हे भन्नाट आहे! दुपारभर बसून जुन्या वहीचा तक्ता केला. 'क'ची ओळ बघा : का – १२, ३१, ४४, कि-की – ९, कु-कू – २७, के-कै – रिकामी, को-कौ – ५, ३८. सगळ्यात गर्दी 'पा'च्या चौकटीत. पाणी, पाऊस, पारवा, पाटबंधारे. मी इतकं पाण्यावर वाचते हे मला माहीतच नव्हतं. 'ढ', 'ठ' ओसाड. जोडाक्षराचं काय करू पण? 'प्रवाळ' प मध्ये की?

बाड_बिस्तरा

प मध्येच, अ-आच्या चौकटीत. पहिलं अक्षर प, पुढचा पहिला स्वर अ. फार विचार करू नका, एकदा ठरवलंत की तेच पाळा.

खळखळाट

आणि तारीख छापलेली डायरी कुणी वापरू नका रे. दिवाळीत फुकट मिळतात म्हणून घेतो आपण. चार दिवस लिहिलं नाही की कोरी पानं डोळे वटारतात, आणि एका दिवशी तीन नोंदी सुचल्या तर जागा पुरत नाही. कोरी वही घ्या आणि तारीख हाताने लिहा. बाबांसारखं करू नका.

उत्तरायण

रानजाई, एक विचारू? लाँगबुकच्या कागदावर शाईचं पेन चालतं का? मागे भारतातून दोन आणल्या होत्या, शाई पार पलीकडे फुटली.

रानजाई

नाही चालत गं, फुटते. मी आपलं साधं निळं बॉलपेन वापरते. शाईचंच हवं असेल तर प्रॅक्टिकलच्या वह्या मिळतात ना, एका बाजूला कोरं आणि एका बाजूला रेघा, त्यांचा कागद जाड असतो. कोऱ्या बाजूला चित्रही काढता येतं. कुणी येणारं असेल तिकडे तर कळव, पाठवते.